ठेक्यावरचे गुल्हाने सर

गणिताच्या तासाला गुल्हाने सर कधीकधी मध्येच थांबत. हातातला खडू तसाच ठेवून बाकांमधून एक फेरी मारत आणि एखाद्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणत, "जा, माठातलं पाणी पेऊन ये. थोडा वेळ कडुनिंबाखाली बस. मंग येजो." पोरगा मान खाली घालून निघून जायचा. सर पुन्हा फळ्याकडे वळून त्रिकोणाचा राहिलेला कोन पुरा करायचे.

मी पुलगावच्या त्या शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा जिल्ह्यात दारूबंदी होऊन फार दिवस झाले नव्हते. माझा वर्ग सरांच्या वर्गाला लागून होता. मध्ये नुसती लाकडी फळ्यांची भिंत, त्यामुळे तिकडचं सगळं इकडे ऐकू यायचं. पोरांना असं पाणी प्यायला का पाठवतात ते मला कळत नसे. ऊन लागत असेल, असं वाटायचं. शेवटी ड्रॉइंगच्या मास्तरांनी सांगितलं, "बाई, तो पोट्टा गांजा ओढून आलता. आपल्याले वास नाई येत, सराइले येते. त्याइच्या बापाचं दुकानच होतं गांजाचं. सरकारी ठेका."

पोरं मागून त्यांना 'ठेकेदार' म्हणत. सरांना ते माहीत होतं. गावातली जुनी माणसंही त्यांची ओळख करून देताना 'ठेक्यावरचे गुल्हाने' असंच म्हणत, कारण गावात दुसरे गुल्हाने तेलाच्या घाणीवाले होते.

सर उंच होते आणि थोडे पुढे वाकलेले. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, खिशात खडूचे तुकडे. शाबासकी त्यांच्या तोंडून कधी कोणी ऐकली नाही. उत्तर बरोबर आलं की म्हणत, "हं. पुढं." चुकलं की म्हणत, "हं. पुन्हा." दोन्ही वेळी आवाज सारखाच. छडी त्यांच्या टेबलावर नसायची. मधल्या सुट्टीत आम्ही सगळे शिक्षकांच्या खोलीत डबे उघडत असू, तेव्हा सर सायकल काढून घरी जात आणि घंटा व्हायच्या आत परत येत. डबा का आणत नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "घरी दादा हाय. त्याले जेवू घालाव लागते."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ मनोहरराव. सरांनी लग्न केलं नव्हतं. एकदा कोणीतरी विषय काढला तेव्हा ते म्हणाले होते, "दादाले पाहून पोरगी कोण देईन? आन देली तरी तिनं दादाचं काऊन कराव?" त्यानंतर कोणी काढला नाही.

ठेक्याची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. आम्ही दोघं पेपर तपासणीच्या बैठकीला वर्ध्याला निघालो होतो आणि देवळीच्या अलीकडे एस.टी.चं चाक पंक्चर झालं. उतारू बाभळीच्या सावलीत बसले. समोर कपाशीचं शेत होतं. मी आपली बोलायचं म्हणून बोलले, की दुकान होतं म्हणतात तुमचं, खरं का?

"खरं हाय," सर म्हणाले. "लहान जागा होती. समोर जाळी, वर पाटी. सरकारमान्य गांजा व भांग. माल निमाडातून याचा, सरकारी गोदामातून, सील मारून. आबकारीचा इन्स्पेक्टर तपासाले याचा, चहा पेऊन जाचा. बाबा कपाळाले गंध लावून गादीवर बसत. त्याइनं जन्मात बिडीसुद्धा ओढली नाई."

"आणि पोरांना देत होते?"

"नाई. पोराइले द्याचं नाई असा नियम होता, आन बाबा नियमाचे पक्के. पण पोट्टे बाहेर उभे राहत, मोठ्या माणसाले आत पाठवत. आन घरातल्या पोराले तर पाठवाची गरजच नवती." त्यांनी पायाजवळचं एक ढेकूळ फोडलं. "दादा पंधराचा होता. दुपारी बाबा जेवाले जात, तवा दादा गादीवर बसे. तवापासून."

मनोहरराव पेटी वाजवत आणि भजनं म्हणत. आजूबाजूच्या गावांतून त्यांना बैलगाडी यायची. आवाज गोड होता, असं आमच्या घरमालकीणबाईही सांगत. ते एका दिवसात काही बदलले नाहीत. आधी भजनाला उशिरा जाऊ लागले, मग जायचे राहिले, मग पेटी उघडायचे राहिले. पुढे विदर्भ मुंबई राज्यात गेला, कायदा बदलला आणि ठेका बंद झाला. वडिलांनी त्याच जागेत किराणा टाकला.

"आमाले वाटलं, आता संपलं," सर म्हणाले. "पण पंधरा दिवसांत लोक घराघरातून गांजा इकाले लागले. बाबा निदान पोराइले नाई म्हणत. आता नाई म्हणणारंबी कोणी नवतं. आन दादा तोवर तसाच होऊन गेलता. ओढणं सुटलं त्याचं पुढं, दहा-बारा वर्षं झाली. पण तो काई परत नाई आला." चाक बसवून झालं होतं. सर उठले, पायजम्याची माती झटकली. "वेडा नाई झाला, मेला नाई. नुसता थांबला."

एका वर्षी आमच्या हेडमास्तरांनी व्यसनमुक्तीवर व्याख्यान ठेवलं. पाहुणे बाहेरून आले होते. त्यांनी रंगीत चित्रं आणली होती. एका चित्रात चिलमीच्या धुरातून राक्षस निघत होता. ते म्हणाले, गांजाच्या एका झुरक्याने माणूस वेडा होतो, आईवर हात टाकतो आणि अखेर कुत्र्यासारखा मरतो. मागच्या रांगेतली मोठी पोरं तोंडावर हात ठेवून हसत होती. आभार मानायला हेडमास्तरांनी गुल्हाने सरांना उभं केलं.

सर माइकसमोर आले नाहीत, बाजूलाच उभे राहिले.

"मागं काही जण हसून राह्यले. काऊन हसता ते मले माहीत हाय. पाहुणे म्हणले एका झुरक्यानं माणूस वेडा होते, आन तुमी मनात म्हणता, आमी तर नाई झालो. बरोबर हाय. नाई होत. माझ्या बाबाच्या दुकानात वीस-वीस वर्षं येणारे हमाल होते. ते काम करत, संसार करत. पण ते मोठेपणी लागलेले. माझा भाऊ तुमच्याएवढा असताना लागला. त्याले आज सकाळी उठवलं का तो उठते. जेवू घातलं का जेवते. पेटी समोर ठेवली का तिच्याकडं पाह्यत राह्यते. त्याले काई दुखत नाई. सगळ्याइचं तसंच होईन असं मी म्हणत नाई. कोणाचं होईन ते आधी समजत नाई, एवढंच हाय."

मग पाहुण्यांचे आभार मानून ते खाली बसले. हसू थांबलं होतं. संध्याकाळी हेडमास्तर त्यांना म्हणाले, "तुम्ही तर काही होत नाही असंच सांगितलं पोरांना." सर म्हणाले, "खोटं सांगतलं तर ते बाकीचंबी खोटं समजतीन."

त्याच पोरांमध्ये प्रकाश होता. बाप मिलमध्ये विणकामाला, घर मिलच्या मागच्या चाळीत. मराठीत तो बेताचाच होता. निबंध चार ओळींचा लिहायचा. पण गणितात सर त्याला "हं. पुढं. पुढं. पुढं," असं म्हणत गेल्याचं मी भिंतीपलीकडून कितीदा ऐकलं आहे. दहावीच्या वर्षी हेडमास्तरांनी पाण्याच्या टाकीमागे चार पोरांना चिलमीसकट पकडलं. तिघं कुंपणावरून पळाले. प्रकाश पळाला नाही. का पळाला नाहीस, असं विचारल्यावर म्हणाला, "चिलीम माह्या हातात होती."

शाळा समितीची बैठक झाली. आम्हा शिक्षकांनाही बोलावलं होतं. अध्यक्ष म्हणाले, दाखला द्या आणि मोकळे व्हा, एका नासक्या आंब्यापायी आढी जायची. बहुतेकांनी माना डोलावल्या.

गुल्हाने सर म्हणाले, "काढा. पण मंग दिवसभर तो कुठं राहीन, तेवढं ठरवून काढा."

अध्यक्षांनी हेडमास्तरांकडे पाहिलं.

"शाळेत हाय तवर दहा ते पाच आपल्याले दिसते. काढला का तो चोवीस तास त्याइच्याकडं जाते, ज्याइच्यापासून आणते."

"तुम्ही हमी घेता का?" अध्यक्षांनी विचारलं.

"घेतो."

दुसऱ्या दिवसापासून प्रकाश रोज सकाळी शाळेच्या आधी सरांच्या घरी जाऊ लागला. माझी खोली त्याच गल्लीत होती. पाणी भरायला नळावर जाताना मला ते रोज दिसायचं. ओसरीत सतरंजीवर प्रकाश गणितं सोडवतोय, सर दाढी करता करता मध्येच वाकून बघतायत, आणि भिंतीला लावलेल्या आरामखुर्चीत मनोहरराव बसलेत. गोरे, स्वच्छ, विंचरलेले केस. अंगात धुतलेली बंडी. डोळे समोरच्या रस्त्यावर, पण रस्त्यावरून कोण गेलं ते त्यांना कळत होतं की नाही, देव जाणे. त्यांना चहा पाजायचं काम सरांनी प्रकाशला दिलं होतं. कप तोंडाशी धरला की ते घोट घेत. कप बाजूला केला की तोंड तसंच थोडं उघडं राही.

बरेच दिवस प्रकाशने काही विचारलं नाही. एक दिवस मी नळावर असताना त्याचा आवाज आला.

"सर, हे बोलत काऊन नाईत?"

"त्यालेच इचार," सर आतून म्हणाले.

प्रकाश उठून मनोहररावांसमोर बसला. "काका, बरं हाय का?"

मनोहररावांनी त्याच्याकडे पाहिलं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "बरं हाय."

"काई पाह्यजे का?"

"बरं हाय."

प्रकाश थोडा वेळ तिथंच बसून राहिला. मग त्याने बंडीवर सांडलेला चहा पुसला आणि पुन्हा गणिताला बसला. त्याने चिलीम त्याच दिवशी सोडली का, मला माहीत नाही. पण त्या वर्षी त्याला कोणी पाणी प्यायला पाठवलं नाही, आणि शाळेत गणितात तो पहिला आला. पेढे घेऊन आला तेव्हा सर म्हणाले, "हं. पुढं."

पुढं काही झालं नाही. सर त्याच्या बापाकडे दोनदा जाऊन आले. पोराला वर्ध्याला कॉलेजात घाला, मी बघतो म्हणाले. बापाला चार पोरं. तो म्हणाला, सर, तुमी लय केलं, आता त्याले हाताले लागू द्या. प्रकाश मिलमध्ये बदली कामगार झाला. पाळी मिळाली तर काम, नाही तर फाटकावरून परत.

पंच्याऐंशीच्या सुमारास दिल्लीहून नवा कायदा आला. पलीकडे मध्य प्रदेशात तोवर ठेके चालू होते, ते बंद होणार आणि जवळ गांजा सापडला तर वर्षानुवर्षं आत जावं लागणार, असं कोणीतरी शिक्षकांच्या खोलीत पेपरातून वाचून दाखवलं. ड्रॉइंगचे मास्तर म्हणाले, "हे बेस झालं. आता सुधरतीन पोट्टे."

गुल्हाने सर वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "सरकारनं दुकान उघडलं तवा पोट्टे ओढत होते. बंद केलं तवाबी ओढत होते. आता जेलात टाकतीन. पोट्टा तोच हाय."

"मग काय, मोकळं सोडायचं?" हेडमास्तरांनी विचारलं.

"मी कुठं म्हणलं मोकळं सोडा? ठेका मोकळाच होता. त्यानं माह्या घरात काय केलं ते मीच पाह्यलं." त्यांनी वही मिटली. "शाळेनं काय कराचं, ते लिवलं हाय का त्याच्यात? तेवढं वाचा."

ते लिहिलेलं नव्हतं. हेडमास्तरांनी आपल्या मनाने ठरवलं आणि प्रार्थनेच्या वेळी सांगितलं, की यापुढे कोणी सापडला तर शाळा सरळ पोलिसांना कळवील. त्याचा परिणाम झाला. आता पोरं ओढून वर्गात येत नव्हती. वर्गातच येत नव्हती. मागच्या रांगा हळूहळू रिकाम्या झाल्या. सर फेरी मारत त्या बाकांपर्यंत जात, तिथं थोडं थांबत आणि परत येत.

पुढच्या वर्षी प्रकाश रेल्वे स्टेशनवर सापडला. नागपूरकडून आलेल्या गाडीतून थैली घेऊन उतरला होता. पेपरात दोन ओळी आल्या.

बापाने कोर्टात पाऊल टाकलं नाही. सर प्रत्येक तारखेला रजा टाकून वर्ध्याला जात. एका तारखेला मला जिल्हा परिषदेत काम होतं, म्हणून मीही बरोबर गेले. कोर्टाच्या व्हरांड्यात प्रकाश बाकावर बसला होता, शेजारी शिपाई. सरांनी शिपायाला विचारून चिवड्याची पुडी त्याला दिली. प्रकाशने ती मांडीवर ठेवली, उघडली नाही.

"ओढत होता का?" सरांनी विचारलं.

"नाई सर. सोडलं ते सोडलं. पाळी भेटत नवती. एक जण म्हणला, पलीकडून, पांढुर्ण्याहून थैली आणून दे."

"आत काय हाय, माहीत होतं?"

"होतं."

"हं."

मग प्रकाश म्हणाला, "सर, एक इचारू? तुमच्या बाबाइचं हेच दुकान होतं. तुमी त्याच्यावरच शिकले. त्याइले कोणी काऊन नाई पकडलं?"

त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. वर्गात हात वर करून शंका विचारावी तसं विचारलं होतं. तो खरंच उत्तराची वाट बघत होता. मग आतून पुकारा झाला आणि शिपायाने प्रकाशला उठवलं. चिवड्याची पुडी बाकावर राहिली.

परतीच्या एस.टी.त सर खिडकीशी बसले होते. पुलगाव जवळ आल्यावर म्हणाले, "बाई, मले उत्तर येत नवतं." मी म्हटलं, कायदा तेव्हा वेगळा होता, वडिलांचा काय दोष. "ते मले मालूम हाय," सर म्हणाले. "ते उत्तर नाई."

प्रकाशला शिक्षा झाली. त्या हिवाळ्यात मनोहरराव झोपेतच गेले. सर तेराव्यानंतर शाळेत आले. मधली सुट्टी झाली तसे उठले, सायकलपर्यंत गेले, कुलूप काढलं आणि हँडल धरून उभे राहिले. घरी जेवू घालायला कोणी नव्हतं. थोड्या वेळाने कुलूप लावून परत आले आणि आमच्यात बसले. मी डब्यातली पोळी पुढे केली. त्यांनी खाल्ली. भाजी कशाची होती, ते बहुधा त्यांना कळलं नसेल.

त्यानंतरची वर्षं मला नीट आठवत नाहीत, कारण आठवण्यासारखं त्यांनी काही केलं नाही. वेळेवर येत, शिकवत, जात. भिंतीपलीकडून "हं. पुढं" ऐकू येई, पण कोण बरोबर आणि कोण चूक याकडे त्यांचं लक्ष असे की नाही कोण जाणे. फेरी मारणं बंद झालं. निवृत्तीच्या समारंभात शाल-नारळ घेऊन ते बोलायला उभे राहिले, समोरच्या पोरांकडे बघितलं आणि काही न बोलता खाली बसले. हेडमास्तर म्हणाले, सरांना भरून आलं. मी शेजारीच होते. त्यांना भरून आलेलं नव्हतं. डोळे कोरडे होते.

प्रकाश सुटून आला तेव्हा बापाने दार उघडलं नाही. तो सरांच्या ओसरीत येऊन बसला. सरांनी त्याला आत घेतलं. कोणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. तोवर सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. निवृत्तीनंतर ते घरी गणिताची शिकवणी घेत, पण फळ्यावरचं दिसेनासं झालं होतं. मग फळ्याशी प्रकाश उभा राहू लागला. पोरं म्हणत, लय सोपं करून सांगतात. महिनाभर ओसरी भरलेली असायची.

मग तो कोण, हे घराघरांत समजलं. एक-एक पोर येईनासं झालं. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई मला बाजारात भेटली. म्हणाली, "शिकवते चांगला, बाई. पोरीले समजून राह्यलं होतं. पण गांजाच्या केसमधी जेलात होता म्हणतात. उद्या कोणी काई म्हणलं तर?" ती वाईट बाई नव्हती. मी तिला सांगायचं ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण मुलगी परत गेली नाही.

त्याच उन्हाळ्यात माझी बदली आर्वीला झाली. जायच्या आदल्या दिवशी, चार वाजता, मी सरांना भेटायला गेले. दार उघडंच होतं.

ओसरीत प्रकाश फळ्याशी उभा होता. वर्तुळाचं प्रमेय चाललं होतं, स्पर्शिकेचं. आवाज मोठा होता, भरलेल्या वर्गात लावावा तसा. समोर सतरंजी अंथरलेली होती आणि तिच्यावर एकच विद्यार्थी होता. गुल्हाने सर. मांडी घालून बसले होते, मांडीवर पाटी, हातात पेन्सिल. फळ्यावरचं त्यांना दिसत नव्हतं, म्हणून कान पुढे करून ऐकत होते. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी होता तसाच चेहरा.

प्रकाश शेवटच्या पायरीला आला, "म्हणून हा कोन काटकोन," म्हणाला आणि थांबला.

सरांनी पेन्सिल पाटीवर ठेवली. मग त्यांनी हात वर केला, पोरं करतात तसा, कोपरातून सरळ.

"मले समजलं नाई," सर म्हणाले. "पुन्हा सांग."

प्रकाशने त्यांच्याकडे पाहिलं. मी दारात उभी होते, मला दोघांनीही पाहिलं नव्हतं. मी आत गेले नाही. प्रकाशने फळा पुसला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.